बाणाखालचे द्वार : पर्णपेशींमधील रेणुवहनाच्या आकलनाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळांत मक्याच्या पानाचा आडवा छेद हा नेहमीचा पाठ आहे. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यात सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या तालुक्यांत मका हे खरिपाचे प्रमुख पीक असल्याने नमुन्यासाठी दूर जावे लागत नाही. विद्यार्थी छेद घेतो, शिरेभोवती कड्यासारखी मांडलेली मोठी पेशीवलये पाहतो, वहीत आकृती काढतो आणि त्याखाली 'क्रान्झ रचना' असे लिहितो. पुढे सिद्धान्ताच्या तासाला सी-४ प्रकाशसंश्लेषणाचे चक्र शिकवले जाते. त्या आकृतीत पर्णमध्यातील पेशीकडून आवरणपेशीकडे एक बाण जातो व त्यावर 'मॅलेट' असे लिहिलेले असते. दुसरा बाण परत येतो, त्यावर 'पायरुव्हेट' असते. दोन पेशींमध्ये एक रेघ असते आणि बाण ती रेघ सहज ओलांडून जातो.

ही रेघ म्हणजे पेशीभित्तिका. बाण ती कशी ओलांडतो, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात या अनुत्तरित प्रश्नाची चिकित्सा केली आहे. पानातील शेजारी पेशींमधून रेणू कसे जातात, याविषयी सुमारे दीडशे वर्षांत जी मते मांडली गेली, त्यांतील कोणती पुराव्याला उतरली, कोणती केवळ रचना पाहून काढलेली अनुमाने ठरली आणि वर्गात शिकवताना यातील किती भाग हरवतो, हे तपासणे हा लेखाचा हेतू आहे.

'पेशी' या संकल्पनेचा वारसा

रॉबर्ट हूक याने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले, ते मृत ऊतीचे होते. आतले जीवद्रव्य केव्हाच नाहीसे झाले होते व फक्त भिंती उरल्या होत्या. 'सेल' म्हणजे लहान खोली हा शब्द त्या रिकाम्या कप्प्यांना लागला. १८३८-३९ मध्ये श्लायडेन व श्वान यांनी पेशीसिद्धान्त मांडला, तेव्हा खोलीची ही कल्पना सजीव पेशीलाही चिकटली. प्रत्येक पेशी स्वतंत्र घटक आणि वनस्पती म्हणजे अशा घटकांची रचून केलेली इमारत, हे चित्र तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत स्थिरावले.

या चित्राला पहिला तडा १८७९ मध्ये गेला. चेर्नोव्हित्स येथे काम करणाऱ्या एडुआर्ड टांगल याने कुचला, खजूर इत्यादींच्या बियांतील पुष्कोशात शेजारी पेशींच्या भित्तिकांतून आरपार जाणारे सूक्ष्म धागे पाहिले. पेशींचे जीवद्रव्य एकमेकांशी जोडलेले असावे, असे अनुमान त्याने काढले. भारतीय वनौषधीच्या परंपरेत सुपरिचित असलेल्या कुचल्याच्या बीमध्ये हा पुरावा सापडावा, ही नोंद येथील अध्यापकांना विशेष वाटण्याजोगी आहे. १९०१ मध्ये एडुआर्ड स्ट्रासबुर्गर याने या धाग्यांना 'प्लाझ्मोडेस्माटा' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'डेस्मा' म्हणजे बंध. मराठीत त्यांस 'जीवद्रव्यबंध' म्हणता येईल आणि पुढील विवेचनात तोच शब्द वापरला आहे.

नावाचा अर्थ 'बंध' असा आहे, 'छिद्र' किंवा 'नळी' असा नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बंध दोन गोष्टींना जोडतो. त्यातून काही जाते की नाही, हे त्या शब्दात अभिप्रेत नाही. नावातला हा संयम नंतरच्या काळात पुष्कळदा विसरला गेला. १९३० मध्ये एर्न्स्ट म्युन्श याने जीवद्रव्यबंधांनी जोडलेल्या सजीव भागाला 'सिम्प्लास्ट' आणि भित्तिका व त्यांच्या पोकळ्या मिळून होणाऱ्या बाह्य भागाला 'अपोप्लास्ट' असे म्हटले. वहनाचे हे दोन मार्ग तेव्हापासून अभ्यासाचा पाया ठरले आहेत.

द्वाराची रचना आणि आकारमर्यादेचा प्रश्न

जीवद्रव्यबंधाचा व्यास साधारणतः ३० ते ६० नॅनोमीटर असतो. पेशीपटल एका पेशीतून दुसऱ्या पेशीत अखंड जाते व या मार्गाला अस्तर पुरवते. मध्यभागी अंतर्द्रव्यजालिकेची आक्रसलेली नलिका असते. ही नलिका आणि पेशीपटल यांच्यामधील अरुंद वलयाकार जागेतून पाण्यात विरघळलेले रेणू जातात, असे मानले जाते. म्हणजे द्वार दिसते त्याहून वाट पुष्कळच अरुंद आहे.

या वाटेने केवढा रेणू जाऊ शकतो, हे १९८० च्या दशकात प्रकाशमान रंजकांच्या साहाय्याने तपासले गेले. एका पेशीत रंजक टोचून तो शेजारच्या पेशीत पोहोचतो का, हे पाहण्याची ही पद्धत होती. १९८३ मध्ये एलोडियाच्या पानावर प्रसिद्ध झालेल्या अशा प्रयोगांतून सुमारे ७०० ते ८०० डाल्टन ही मर्यादा पुढे आली. सुक्रोजचे रेणुवस्तुमान ३४२ आहे. त्यामुळे साखर, अमिनो आम्ले, आयन व लहान संप्रेरके या वाटेने जातील आणि प्रथिने जाणार नाहीत, असा निष्कर्ष सोयीस्कर ठरला. आजही अनेक क्रमिक पुस्तकांत 'एक हजार डाल्टनपेक्षा लहान रेणू' हे वाक्य स्थिरांकासारखे दिलेले आढळते.

या वाक्याची मर्यादा १९९९ मध्ये स्पष्ट झाली. स्कॉटलंडमधील कार्ल ओपार्का व त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूच्या पानांत सुमारे २७ हजार डाल्टनचे हरितप्रकाशी प्रथिन आणि त्याला जोडलेली त्याहून मोठी प्रथिने यांचा माग घेतला. कोवळ्या, अद्याप बाहेरून साखर घेणाऱ्या पानांत साध्या, अशाखीय जीवद्रव्यबंधांतून सुमारे ५० हजार डाल्टनपर्यंतची प्रथिने कोणत्याही विशेष संकेताविना पसरत होती. पान पक्व होऊन साखर निर्यात करू लागले, जीवद्रव्यबंधांना फाटे फुटले आणि ही मुभा संपली. एकाच वनस्पतीत, एकाच पानात, केवळ वयाच्या फरकाने मर्यादा अनेक पटींनी बदलते. म्हणजे १९८३ चा आकडा चुकीचा नव्हता. त्याला सार्वत्रिक नियमाचे रूप देणे चुकीचे होते. मापन ज्या अवस्थेत झाले ती अवस्था गाळून केवळ आकडा पुढे नेला गेला, हा दोष संशोधकांपेक्षा पाठ्यपुस्तककारांकडे अधिक जातो.

मक्याचे पान : बाणाखालचे वास्तव

आता प्रारंभीच्या बाणाकडे परत येता येईल. मक्यात कार्बन डायऑक्साइड प्रथम पर्णमध्यातील पेशीत पकडला जातो आणि मॅलेटच्या रूपाने आवरणपेशीत पोहोचतो. तेथे तो पुन्हा मुक्त होऊन रुबिस्को विकराकडून स्थिर केला जातो. मक्याच्या आवरणपेशीतील हरितलवकांत दुसऱ्या प्रकाशप्रणालीची क्रियाशीलता अत्यल्प असल्याने तेथे तयार होणाऱ्या फॉस्फोग्लिसरेटचा मोठा वाटा क्षपणासाठी पर्णमध्याकडे परत जातो व ट्रायोज फॉस्फेट होऊन पुन्हा आत येतो. वहीतल्या दोन बाणांच्या जागी प्रत्यक्षात किमान चार प्रवाह एकाच वेळी उलटसुलट दिशांनी चालू असतात.

हे प्रवाह पटल ओलांडून जात असते तर प्रत्येकासाठी स्वतंत्र वाहक प्रथिने आणि ऊर्जा लागली असती. त्याऐवजी ते जीवद्रव्यबंधांतून केवळ विसरणाने जातात, असे गृहीत धरले गेले. गृहीतक तपासायचे तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात : संहतीतील फरक पुरेसा आहे आणि वाटा पुरेशा आहेत. पहिली गोष्ट १९८५ मध्ये लीगुड यांनी, तसेच स्टिट व हेल्ट यांनी मक्याच्या पानातील दोन्ही पेशीप्रकारांतील पदार्थ वेगवेगळे मोजून दाखवली. विसरणाला आवश्यक असा मोठा संहतिफरक त्यांना आढळला. दुसऱ्या गोष्टीसाठी २०१६ पर्यंत थांबावे लागले. फ्लॉरेन्स डानिला व सहकाऱ्यांनी मका व सेटारिया यांची तुलना भात व गहू यांच्याशी केली. पर्णमध्य व आवरणपेशी यांच्या सीमेवरील जीवद्रव्यबंधांचे प्रमाण सी-४ वनस्पतींत नऊपटींपर्यंत अधिक भरले. भातात सी-४ मार्ग आणण्यासाठी २००८ पासून चाललेल्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांच्या दृष्टीने या निष्कर्षाचे महत्त्व उघड आहे. विकरांची जनुके भातात घातली तरी भिंतीत वाटा नसतील तर बाण कागदावरच राहील.

मोजणीची मर्यादा

वाटा मोजल्या म्हणजे वहन सिद्ध झाले, असा समज मात्र या क्षेत्रात दीर्घकाळ राहिला आणि त्याची परीक्षा येथे आवश्यक आहे. पानात तयार झालेली साखर शिरेतील रसवाहिनीत कशी भरली जाते, हा त्यासाठी उत्तम कसोटीचा विषय आहे.

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यूरी गामालेइ यांनी १९८९ मध्ये सूक्ष्म शिरांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकी निरीक्षणांवरून वनस्पतींचे वर्गीकरण मांडले. ज्यांच्या रसवाहिनीच्या सहपेशी जीवद्रव्यबंधांनी शेजाऱ्यांशी भरपूर जोडलेल्या आहेत, त्या 'खुल्या' आणि ज्यांच्यात असे बंध विरळ आहेत, त्या 'बंद'. खुल्या प्रकारात साखर सिम्प्लास्टमधून व बंद प्रकारात अपोप्लास्टमधून भरली जाते, हे अनुमान त्यातून सहज निघत होते. काही वनस्पतींबाबत ते खरेही ठरले. भोपळा, काकडी, खरबूज या वेलवर्गीय पिकांत सुक्रोज जीवद्रव्यबंधांतून विशेष सहपेशींत शिरते आणि तेथे त्याचे ५०४ डाल्टनचे रॅफिनोज व ६६६ डाल्टनचे स्टॅकिओज बनते. हे मोठे रेणू मागे परतू शकत नाहीत व आत अडकून राहतात. रॉबर्ट टर्जन यांनी मांडलेल्या या 'बहुवारिक सापळ्या'च्या कल्पनेला २००७ मध्ये व्हर्बॅस्कम वनस्पतीत जनुकीय आधारही मिळाला. रॅफिनोज वर्गाच्या शर्करा तयार होण्याचा मार्ग दाबताच साखर भरणे खुंटले.

परंतु त्याच टर्जन यांनी रिचर्ड मेडव्हिल यांच्यासमवेत २००४ मध्ये वर्गीकरणाच्या पायालाच हात घातला. क्लेथ्रा व लिक्विडँबर या झाडांच्या सूक्ष्म शिरांत जीवद्रव्यबंध विपुल आहेत, तरीही त्यांची साखर अपोप्लास्टमधून, पटलावरील वाहक प्रथिनांच्या द्वारे भरली जाते, असे त्यांना आढळले. त्याआधी १९९८ मध्ये विलोच्या पानात सक्रिय भरणच नसून साखर केवळ संहतीच्या उताराने शिरेत पोहोचते, हेही याच जोडीने दाखवले होते. द्वारे मोजून रहदारी सांगता येत नाही, हे यातून सिद्ध झाले.

याची दुसरी बाजू २०१७ मध्ये पुढे आली. निकोला व सहकाऱ्यांनी अ‍ॅराबिडॉप्सिसच्या मुळांत नुकत्याच विभाजित झालेल्या पेशींमधील जीवद्रव्यबंध त्रिमितीय सूक्ष्मदर्शनाने पाहिले. त्यांत मधली नलिका पेशीपटलाला जवळजवळ चिकटलेली होती आणि ज्या वलयाकार जागेतून रेणू जातात असे मानले जाई, ती जागा दिसतच नव्हती. तरीही या बंधांतून मोठे रेणू जात होते. एकीकडे वाट दिसते पण वहन नाही. दुसरीकडे वाट दिसत नाही पण वहन आहे. रचनेवरून कार्य ठरवण्याच्या पद्धतीला याहून स्पष्ट इशारा मिळणे कठीण आहे.

बंद पडलेली वाट : मक्याचा एक उत्परिवर्तित वाण

वाटेचे कार्य सिद्ध करण्याचा एक खात्रीचा उपाय म्हणजे ती बंद झाल्यावर काय होते, ते पाहणे. निसर्गाने हा प्रयोग मक्यातच करून ठेवला आहे. 'सुक्रोज निर्यात दोष-१' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उत्परिवर्तित वाणाच्या पानांत टोकाकडील भागात स्टार्च व जांभळे रंगद्रव्य साठते. मक्याचे पान जांभळे पडणे हे स्फुरदाच्या कमतरतेचे लक्षण म्हणून शेतकऱ्यांना परिचित आहे. येथील कारण मात्र वेगळे होते. १९९६ मध्ये रसिन, एव्हर्ट व सहकाऱ्यांनी दाखवले की या वाणात आवरणपेशी आणि शिरेतील मृदूतक पेशी यांच्या सीमेवरील जीवद्रव्यबंध तेवढे विकृत झालेले आहेत. पर्णमध्य व आवरणपेशी यांमधील बंध सुस्थितीत होते. म्हणजे साखर शेवटच्या उंबरठ्यापर्यंत येत होती आणि तेथे अडत होती. पुढे या ठिकाणी कॅलोज नावाची शर्करा साचून वाट बुजते, हेही कळले.

दोषी जनुकाचा शोध मात्र अधिक बोधप्रद ठरला. २००१ मध्ये ते हरितलवक व केंद्रक यांमधील संदेशवहनाशी संबंधित असावे, असे सुचवले गेले. अल्पावधीतच ते टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, बनवणाऱ्या विकराचे जनुक असल्याचे निष्पन्न झाले. हरितलवकातील एका प्रतिऑक्सिडीकारकाचा अभाव आणि दूरच्या भिंतीतील द्वार बुजणे यांचा असा संबंध कोणत्याही आकृतीतून सुचला नसता. जीवद्रव्यबंध हे पेशीच्या एकूण चयापचयाला प्रतिसाद देणारे अवयव आहेत, हे या प्रकरणातून दिसते.

विषाणू : निमंत्रणाविना आलेला परीक्षक

या द्वारांचे नियमन किती काटेकोर आहे, याचा पुरावा वनस्पतींच्या शत्रूंकडूनही मिळाला. तंबाखूच्या मोझॅक विषाणूचा कण ३०० नॅनोमीटर लांब व १८ नॅनोमीटर जाड असतो. तो अशा वाटेने आपोआप जाणे शक्य नाही. १९८९ मध्ये वुल्फ, डीओम, बीची व लूकस यांनी विषाणूच्या वहनप्रथिनाचे जनुक तंबाखूत घातले. तेव्हा विषाणू नसतानाही जीवद्रव्यबंधांची मर्यादा ७००-८०० वरून ९,४०० डाल्टनच्या पलीकडे गेली. विषाणू भिंत फोडत नाही. तो द्वारपालाला वश करतो.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ही गोष्ट पुस्तकी वाटू नये. २०२० च्या उन्हाळ्यात राज्यातील टोमॅटोच्या फळांवर पिवळे-पांढरे चट्टे पडले, 'तिरंगा' या नावाने त्याची चर्चा झाली आणि करोनाच्या काळात नाना अफवा पसरल्या. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या तपासणीत कुकुंबर मोझॅक विषाणू आढळला. हा विषाणू मावा किडीमुळे झाडात येतो. मात्र आत आल्यावर पेशीपेशींतून पसरण्यासाठी तोही स्वतःच्या वहनप्रथिनाद्वारे जीवद्रव्यबंध रुंदावतो. किडीचा बंदोबस्त झाडाच्या दाराशी होतो. आतली दारे ज्या वाणात वश होत नाहीत, तो वाण खऱ्या अर्थाने प्रतिकारक्षम. पीकसंवर्धनाच्या अभ्यासक्रमात पहिल्या गोष्टीवर भर असतो, दुसरीचा उल्लेखही क्वचित येतो.

याच यंत्रणेचा वापर वनस्पती स्वतःही करते. मक्यातील 'नॉटेड-१' हे प्रथिन पेशीतून पेशीत जाते व आपल्या संदेशवाहक आरएनएलाही सोबत नेते, हे १९९५ मध्ये दाखवले गेले. प्रथिनांना मज्जाव असलेल्या वाटेतून निवडक प्रथिने जातात, याचा अर्थ आकार हा एकच निकष नाही.

नळाच्या रूपकाची चिकित्सा

जीवद्रव्यबंध शिकवताना 'सूक्ष्म नळी' हे रूपक सर्रास वापरले जाते. औरंगाबादच्या अध्यापकाला यासाठी उदाहरणही हाताशी आहे. पाणचक्कीसाठी दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावर चढवले व खाली पाडले, त्यावर जाते फिरले. मलिक अंबरच्या नहरीनेही शहराला असेच पाणी पुरवले. दाबाच्या फरकाने होणारा हा सामूहिक प्रवाह समजावण्यासाठी पाणचक्की उत्तम आहे आणि म्युन्शच्या रसवाहिनीतील दाबप्रवाहाशी तिची तुलना योग्य ठरते.

पण तीच तुलना जीवद्रव्यबंधाला लावली तर तीन ठिकाणी फसते. मातीच्या नळातून सगळे पाणी एकाच दिशेने जाते. मक्याच्या जीवद्रव्यबंधातून मॅलेट आत आणि पायरुव्हेट बाहेर एकाच वेळी जाते, कारण प्रत्येक रेणू स्वतःच्या संहतीच्या उताराने चालतो. नळाचा व्यास बांधणाऱ्याने ठरवला की तोच राहतो. जीवद्रव्यबंधाच्या मुखाशी कॅलोज साचते व विरघळते आणि वाट अरुंद वा रुंद होते. नळ वाहणाऱ्या पाण्यात भेद करत नाही, जीवद्रव्यबंध करतो. म्हणून रूपक टाकून देण्याचे कारण नाही, परंतु ते कोठे थांबते हे विद्यार्थ्याला सांगणे अध्यापकाचे काम आहे.

अध्यापनासाठी काही निष्पत्ती

वरील विवेचन महागड्या उपकरणांवाचूनही वर्गात नेता येते. मक्याच्या ताज्या पानाच्या छेदावर आयोडीनचा थेंब टाकला असता स्टार्च प्रामुख्याने आवरणपेशींत दिसतो. कार्बन प्रथम पकडला गेला पर्णमध्यात आणि स्टार्च साठला आवरणपेशीत, तर मधल्या भिंतीतून काय गेले, हा प्रश्न तेथेच विचारता येतो. हायड्रिलाच्या पानातील जीवद्रव्याचे भ्रमण दाखवताना ते पेशीच्या आतील वहन आहे, पेशींमधील नव्हे, हा भेद स्पष्ट करता येतो. जेथे प्रकाशमान सूक्ष्मदर्शक उपलब्ध आहे, तेथे अ‍ॅनिलीन ब्लूने कॅलोजही दाखवता येते. परीक्षेत 'प्लाझ्मोडेस्माटाचे कार्य लिहा' या दोन गुणांच्या प्रश्नाऐवजी 'जीवद्रव्यबंध विपुल असूनही त्यांतून साखर जात नाही, हे कशावरून ठरवाल?' असा प्रश्न दिल्यास पाठांतर पुरेसे पडणार नाही.

समारोप

पर्णपेशींमधील रेणुवहनाच्या अभ्यासाचा इतिहास पाहता एक दोष पुन्हा पुन्हा आढळतो. जे दिसले त्यावरून जे घडते ते ठरवले गेले. भिंत दिसली म्हणून पेशी बंद मानली. धागा दिसला म्हणून ती खुली मानली. एका अवस्थेत एक आकडा मिळाला म्हणून तो नियम मानला. प्रत्येक वेळी दुरुस्ती झाली ती वहन प्रत्यक्ष तपासल्यामुळे : संहती मोजून, वाट बंद करून किंवा विषाणूची युक्ती समजून घेऊन. वनस्पतीची पेशी खोलीही नाही आणि सताड उघडा वाडाही नाही. कोणाला, केव्हा, कोणत्या दिशेने जाऊ द्यावयाचे, हे ती वय, चयापचय व संकट पाहून ठरवते.

विद्यार्थी उद्या पुन्हा मक्याच्या पानाची आकृती काढील आणि बाणही काढील. बाण भित्तिकेची रेघ जेथे ओलांडतो तेथे त्याने क्षणभर थांबून येथे काय आहे असे विचारावे, एवढी सवय अध्यापनातून लागली तर ती अनेक पानांच्या टिपणांहून अधिक मोलाची ठरेल.